‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ असं भाऊ म्हणतो, तेव्हा काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचा धाकटा भाऊ यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. वय ३४, दोन लहान मुलं. सलग दोन हंगाम सोयाबीनने हात दिला नाही. सोसायटीचं पीककर्ज थकलं, त्यावर खासगी देणं. महिनाभर त्याला धड झोप नाही, जेवण तुटलंय, संध्याकाळचं पिणं वाढलंय. गेल्या आठवड्यात फोनवर तो म्हणाला, ‘मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल’, आणि विम्याचे कागद आणि पासबुक कुठे ठेवलंय तेही सांगितलं. आई म्हणते, विषय काढू नको, डोक्यात नसेल ते येईल. ताई विचारतात : तो खरंच तसं काही करील का? त्याला विचारावं का? डॉक्टरकडे जायला तो तयार नाही, मग न्यावं कसं? आणि पुण्याला घेऊन येऊ का?

ताई, आधी जे आजच करायचं ते सांगतो. आज संध्याकाळी त्याला फोन करा आणि उद्या गावाला निघा. तुम्ही पोचेपर्यंत त्याच्या बायकोला विश्वासात घ्या आणि रात्री तो एकटा राहणार नाही एवढं बघायला सांगा. घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच दुसरीकडे हलवायचं. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

‘तो खरंच करील का’ याचं हो किंवा नाही असं उत्तर कोणताही मानसोपचारतज्ज्ञ देऊ शकत नाही. विदर्भात इतकी वर्षं हेच काम करूनही मी ते देणार नाही. हा धोका स्थिर नसतो. सकाळी बैलांना चारा घालताना माणूस ठीक असतो आणि रात्री दोनला जाग आल्यावर तोच माणूस पार काठावर असतो. वसुलीचा एक फोन, घरातलं एक भांडण, पोटात गेलेली दारू, यांनी तासाभरात चित्र पालटतं. म्हणून आम्ही भविष्य सांगत बसत नाही. आत्ता काय दिसतंय आणि त्यासाठी आत्ता काय करायला हवं, एवढंच बघतो. तुमच्या भावाच्या बाबतीत चार गोष्टी एकत्र आल्या आहेत : आपण घरच्यांवर ओझं झालोय ही भावना, उडालेली झोप, वाढलेली दारू आणि कागदपत्रांची निरवानिरव. यातली एकेक गोष्ट पुष्कळ लोकांत दिसते. चारही एकत्र असतील तर वाट पाहायची नसते. त्याने पूर्वी कधी स्वतःला इजा करून घेतली असेल, किंवा घरात आधी कुणी असं गेलं असेल, तर धोका आणखी वाढतो. हे त्याच्या बायकोला आणि आईला विचारून घ्या.

आणखी एक लक्षण नीट ओळखा. आठवडेभर तळमळणारा माणूस काही कारण नसताना एकाएकी शांत, मोकळा दिसू लागला, की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. कधी तो खरोखर बरा होत असतो. कधी मात्र त्याने मनाशी काही ठरवलेलं असतं, आणि त्या ठरवण्यातून ती शांतता आलेली असते. अशा वेळी पहारा ढिला करू नका, उलट त्याच दिवशी विचारा.

आईची भीती मला रोज ऐकू येते. विचारल्याने डोक्यात येईल, ही समजूत चुकीची आहे. वेगवेगळ्या देशांत यावर अभ्यास झाले आहेत. सरळ विचारल्यामुळे असे विचार वाढतात असं त्यांत आढळलं नाही. उलट पुष्कळांना हलकं वाटतं, कारण तो विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून असतोच, एकट्याने वागवून ते थकलेले असतात. आईला एवढंच सांगा : आपण विषय काढत नाही, तो त्याच्या मनात आलेलाच आहे, आपण फक्त त्याच्या सोबत बसतोय.

विचारायचं कसं? बैठकीत चार माणसं जमवून नाही, आणि तो प्यायलेला असताना तर नाहीच. सकाळी त्याच्यासोबत शेतात जा, बांधावर बसा किंवा गोठ्यात काही काम करत राहा. हाताला काम असलं की पुरुष माणूस जरा लवकर बोलता होतो. सुरुवात झोपेपासून करा. ‘महिना झाला झोपला नाहीस. रात्री जागा असतोस तेव्हा डोक्यात काय चालतं रे?’ तो म्हणेल, काही नाही. थोडं थांबा. मग म्हणा, ‘त्या दिवशी फोनवर म्हणालास, मी नसलो तर तुम्ही सुटाल. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. जीव द्यावासा वाटतो का तुला?’ असं, याच शब्दांत. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं.

तो ‘हो’ म्हणाला तर रडू येईल, येऊ द्या, पण उठून जाऊ नका आणि लगेच समजूत घालायला लागू नका. पुढचं विचारा : कधीपासून वाटतंय? काय करायचं हे मनात ठरलंय का? कधी? त्यासाठी काही आणून ठेवलंय का? या आधी कधी तिथवर गेला होतास का? ‘कधीकधी वाटतं सगळं संपावं’ आणि ‘रविवारी तुम्ही सगळे लग्नाला गेलात की’ या दोन उत्तरांत फार मोठं अंतर आहे. पहिल्या उत्तराला दोन-तीन दिवसांत डॉक्टर. दुसऱ्याला आज, आत्ता, आणि तोवर क्षणभरही एकटं सोडायचं नाही. तो म्हणाला की हे कुणाला सांगू नको, तर वचन देऊ नका. ‘गावभर करणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगीन’ एवढं स्पष्ट बोला.

काय बोलू नये यावर थोडं थांबतो, कारण इथे प्रेमापोटी फार नुकसान होतं. ‘असं अभद्र बोलू नको’ म्हटलं की दार बंद होतं. ‘पाप आहे’, ‘भेकड लोक असं करतात’ यांनी लाज वाढते, विचार जात नाही. गळ्याची शपथ घालून घेणं हा उपाय नाही. शपथ त्याला बोलण्यापासून अडवते, कृतीपासून अडवेलच असं नाही. आणि सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं वाक्य म्हणजे ‘लेकरांकडे बघ’. ताई, तो लेकरांकडेच बघतोय. आपण गेलो तर विम्याचे पैसे येतील, कर्ज मिटेल, पोरं सुटतील, असं उफराटं गणित त्याच्या थकलेल्या डोक्याने मांडलंय. लेकरांची आठवण करून दिली की आपण त्यांना पुरे पडलो नाही हेच त्याला पुन्हा ऐकू येतं. त्याऐवजी म्हणा, ‘तुझ्यावाचून आम्ही सुटणार नाही. कर्ज आपण मिळून बघू. मला तू हवा आहेस.’ आणि मग गप्प बसून ऐका. तो तीच गोष्ट तीनदा सांगेल, तीनदा ऐका.

आता औषधाचं, म्हणजे फवारणीच्या. ग्रामीण भागात जीव वाचवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. जीव द्यायची तीव्र ऊर्मी सहसा फार काळ टिकत नाही, काही मिनिटं, काही तास. तेवढ्या वेळात हाताशी काही नसेल तर माणूस बहुधा त्या काठावरून परत येतो. आणि परत आलेला माणूस पुढे कधीतरी ते करणारच, असंही नाही. जिवावर बेतून वाचलेल्यांपैकी दहातले सुमारे नऊ जण नंतर आत्महत्येने जात नाहीत. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली. तिथलं आत्महत्यांचं प्रमाण तेव्हा जगात सर्वाधिक असणाऱ्या देशांत गणलं जाई, पुढच्या दोन दशकांत ते सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं संपली नव्हती, हाताशी असलेलं विष कमी झालं होतं.

पण ‘कपाटात कुलूप लावून ठेवू’ यावर समाधान मानू नका. त्याच श्रीलंकेत १८० गावांतल्या घरांना कुलपाच्या पेट्या देऊन अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पेट्यांनी विषप्राशनाचं प्रमाण कमी झालं नाही. किल्ली कुठे टांगलेली असते हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून औषध घरात आणि शेतातल्या खोपटातही नको. चुलत्याकडे किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा, उरलेलं त्याच दिवशी परत, आणि हे काम काही महिने दुसऱ्या कुणीतरी करावं. घरातल्या जुन्या गोळ्यांच्या पुड्याही हलवा. त्याने बोलताना आणखी कशाचा उल्लेख केला असेल तर तेही. हे चोरून करू नका. ‘तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, रात्री तुझं डोकं तुझ्या ताब्यात नसतं म्हणून काही दिवस हे घरात नको’ असं सांगून करा. बहुतेक जण विरोध करत नाहीत. काहींना तर बरंच वाटतं.

डॉक्टरचं. ‘मी काय येडा आहे का?’ हे तो म्हणणारच. त्यावर वाद घालू नका. त्याला ‘डिप्रेशन’ पटणार नाही, पण झोप नाही, भूक नाही, छाती भरून येते, हे त्यालाही नकोच आहे. ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा. ते खोटं नाही, झोप परत आणणं हाच उपचाराचा पहिला भाग असतो. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती गावच्या आशाताईकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळेल. तिथवर जायला तो नाहीच म्हणाला तर आधी फोनवर बोलू द्या : टेली-मानस, क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. तो बोलत नसेल तर तुम्ही किंवा त्याची बायको फोन करून विचारू शकता. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या स्वतःच्या मनात असे विचार असतील तर हा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे, आणि फोन करायला परिस्थिती आणखी बिघडायची वाट बघायला नको.

गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नैराश्याच्या गोळ्यांचा मनावर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ‘आठ दिवस झाले, फरक नाही’ म्हणून घरचे त्या बंद करतात आणि तिथेच घात होतो. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी किंवा चिडचिड वाढली तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवायचं, विशेषतः तरुणांच्या बाबतीत. दुसरं, गोळ्या बायकोकडे राहू द्या, एका वेळी आठवड्याभराच्याच आणा. दारू सुटली नाही तरी या काळात घरात बाटली नको, आणि प्यायल्यावर त्याला एकटं झोपू देऊ नका. माणसाला दारूची जुनी सवय असेल तर एकदम बंद करू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. तेही डॉक्टरांना सांगा.

भगताकडे, बाबाकडे नेऊ नका असं मी म्हणत नाही. आईच्या मनाला त्याने आधार मिळत असेल तर जाऊन या. पण रुग्णालयाची तारीख तीच राहील, गोळी तीच राहील, एवढं पक्कं ठरवा.

तो थोडा बोलता झाला की, तसे विचार आले तर काय करायचं, याचा एक कागद त्याच्यासोबत बसून लिहा. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली. तिथल्या निवृत्त सैनिकांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा कागद करून नंतर फोनवर पाठपुरावा केलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या दिशेने जाणारं वर्तन जवळपास निम्मं झालं. कागद त्याच्या शब्दांत असावा, तुमच्या नव्हे. एकाचा कागद साधारण असा होता : ‘रात्री जाग आली आणि वसुलीवाल्याचा आवाज कानात यायला लागला, की अंथरुणात पडून राहायचं नाही. ओट्यावर यायचं, तोंड धुवायचं, रेडिओ लावायचा. तरी जात नसेल तर बायकोला उठवायचं, ती रागावणार नाही असं तिने सांगितलंय. मग मामेभावाला फोन, कितीही वाजले असले तरी. मग १४४१६. मग गाडी काढून दवाखाना.’ खाली माणसांचे क्रमांक. एक प्रत खिशात, एक बायकोकडे. अगदी साधं वाटतं, पण रात्री दोनला सुचत काहीच नाही, वाचता मात्र येतं.

कर्जाचंही बघावंच लागेल, नुसत्या गोळीने सोसायटीचं देणं फिटत नाही. पण ‘कर्ज म्हणून आत्महत्या’ एवढ्यावर थांबू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातल्या २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशभरात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० होते. नोंदलेल्या कारणांत सगळ्यांत वर कौटुंबिक कटकटी आणि त्याखालोखाल आजारपण. कारण असं एकटं कधी नसतंच. कर्ज, त्यातून घरात कुरबुर, त्यातून दारू, त्यातून झोप जाणं आणि मग आजार, अशी ती साखळी असते. कुठलीही एक कडी तोडली तरी उपयोग होतो. तुम्ही शिकलेल्या आहात, पुण्यात बसून एक काम नक्की करू शकता : सगळं देणं एका कागदावर मांडा, कुणाचं किती, व्याज किती, तारीख कुठली. डोक्यात फिरणारा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा असतो. बँकेशी पुनर्गठनाचं तुम्ही बोला. वसुलीचे फोन काही दिवस दुसऱ्या कुणाकडे वळवा. खासगी सावकार बिनपरवान्याचा असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा आदेशही ते देऊ शकतात. मात्र तो कागद मांडून होईपर्यंत रात्रीची सोबत आणि डॉक्टर थांबवू नका.

गावात कोण मदत करणार, असं वाटेल. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं, ती घरोघर गेली, बोलली, गरज पडेल त्याला समुपदेशक आणि डॉक्टरकडे नेलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. ते सगळं शेतकऱ्यांच्याच गावांत, गावातल्याच माणसांच्या हातून झालं. तुमच्या गावातही एखादी आशाताई, एखादे जुने शिक्षक, एखादा मित्र असेल. अशी दोन माणसं आजच हेरून ठेवा.

तो काहीच ऐकत नसेल आणि धोका समोर दिसत असेल तर त्याच्या होकाराची वाट बघू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये जिवाला धोका असताना तातडीच्या उपचाराची तरतूद आहे. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, गरज पडली तर ११२. आणि देव न करो, त्याने काही केलंच, तर मीठपाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका, त्याने घसा-फुफ्फुसाला इजा होते. बरा दिसत असला तरी थेट रुग्णालय गाठा, कारण काही विषांचा परिणाम दिवसा-दोन दिवसांनी उघड होतो. डबा किंवा चिठ्ठी सोबत न्या म्हणजे डॉक्टरांना कळेल. पोलिस केस होईल या भीतीने लोक लपवतात, खोटं सांगतात आणि उपचार चुकतात. रुग्णालय नोंद करतं, जबाब होतो, पण तो गुन्हेगार ठरत नाही. २०१७ च्या याच कायद्याच्या कलम ११५ ने अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असं धरून शिक्षेपासून संरक्षण दिलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. एक अपवाद : एखाद्या सरकारी अधिकाऱ्याला भाग पाडायला किंवा अडवायला म्हणून असं केलं तर ते कलम वेगळं आहे.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे फार नाजूक असतात आणि नेमके तेव्हाच सगळे आपापल्या कामाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचलेल्यांना घरी सोडण्याआधी तासभर समजावून सांगायचं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा, भेटून किंवा फोनवर, विचारपूस करायची, एवढंच. ज्यांची अशी विचारपूस झाली त्यांच्यात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के, ज्यांची नाही झाली त्यांच्यात २.२ टक्के. म्हणून तुमचे फोन वार लावून करा. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन तरी, मग हळूहळू विरळ, पण वर्ष-दीड वर्ष तोडू नका. दर वेळी ‘कसा आहेस’ विचारून ‘ठीक’ ऐकून ठेवू नका. झोप किती तास, गोळी घेतली का, तसले विचार आले का, हे नाव घेऊन विचारा.

त्याच्या बायकोला विसरू नका. रात्र रात्र जागून ती थकेल. तिच्याशीही स्वतंत्र बोला आणि दोन रात्री तिला झोपायला मिळतील अशी सोबतीची पाळी लावा. काही झालं तर दोष तिच्यावर येईल ही भीती तिच्या मनात आत्ताच असणार. ती तिला बोलू द्या.

राहिलं पुण्याचं. त्याची इच्छा असेल तर आणा, आठ-पंधरा दिवस, शक्यतो बायको-मुलांसह. त्या दिवसांत पुण्यात डॉक्टर दाखवून उपचार बसवता येतील. फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा बसणार असेल तर मात्र आणू नका, त्याहून गावात माणसांत बरा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्याची रात्रीची सोबत पुण्यातही चालूच ठेवा. आणि परत गावी जायचा दिवस आधीच ठरवून, त्या आठवड्यातली यवतमाळची तारीख घेऊनच निघा. घरी पोचल्यावर पहिल्या चार-पाच रात्री मामा, चुलता, मित्र, कुणीतरी तिथे मुक्कामाला असू द्या.